टाळी वाजवून खोली बघणारा माणूस

माझ्या मेहुण्यानं आयुष्यात ज्या ज्या खोलीत पाऊल टाकलं, तिथं आधी एक टाळी वाजवली. एकच, खणखणीत. मग मान तिरकी करायची, डोळे मिटायचे, भिंती काय उत्तर देतात ते ऐकायचं आणि निकाल सांगायचा. निकाल बहुतेक ठरलेला. "भिकार रूम हाय."

मनोहर गावंडे, म्हणजे मनूभाऊ, माझ्या बायकोचा मोठा भाऊ. नात्यानं त्याला अहो-जाहो करायला हवं, आणि समोर मी ते करतोच. लिहिताना तेवढी सूट घेतो. त्यानंही मला इतकी वर्षं 'जवाईबापू' म्हटलं. पण त्या शब्दात जो मान असतो, त्यातला निम्मा तो वाटेत कुठंतरी सांडून येत असे. तेव्हा आमची फिटंफाट आहे.

त्याची पहिली टाळी मी ऐकली ती आमच्या नांदगाव खंडेश्वरच्या घरी. लग्नाआधी मुलीकडची माणसं घर बघायला आली होती. त्याचे वडील आणि काका चपला काढून रीतसर बसले. हा बैठकीच्या मधोमध उभा राहिला आणि टाळी दिली. आतून माझी आई लगबगीनं तांब्या घेऊन आली. "आणतच होती बावा पाणी, टाळी काहून वाजोता?" पाहुण्यानं तांब्या बाजूला ठेवला, मान तिरकी केली आणि आईला सांगितलं की पाणी नको, तो खोली बघतो आहे. मग वडिलांकडे वळून म्हणाला, "पोरगा ठीक हाय. रूम गुंजते."

एवढं ऐकूनही त्यांनी मुलगी दिली, हे मी माझं भाग्य समजतो. सुनंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, यावर वेगळं मत आहे.

माझे वडील गेले तेव्हा तो पुन्हा त्याच बैठकीत आला. माना खाली घालून माणसं बसलेली. हा उंबऱ्यात हात जोडून उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, नमस्कार करतोय. जोडलेले हात उघडले आणि मिटले. पन्नासेक माना एकदम वर आल्या. हा शांतपणे माझ्या शेजारी येऊन टेकला आणि कानात म्हणाला, "सतरंज्या टाकल्या न माणसं बसली, तं बरी वाटून राह्यली रूम." वडील गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो तो तेव्हा, आणि तोंडाला रुमाल लावून हसलो. लोकांना वाटलं, पोराला हुंदका आला. त्याचं श्रेय मी मनूभाऊला कधी दिलं नाही.

तर हा माणूस अमरावतीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि उरलेल्या वेळात रॉक बँड चालवायचा. कानाच्या पाळीखाली उतरलेले जाड कल्ले, बारीक अंगकाठी, अर्ध्या बाहीचा शर्ट. तो बोलायचा सत्तरच्या दशकाबद्दल, जणू ते दशक त्याच्या वडिलांनी त्याच्या नावावर केलं होतं. वास्तविक ते सबंध दशक त्यानं चड्डीत काढलं. पुढं कॉलेजात असताना एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान मोडलं, त्यातून त्याला विलायती बँडच्या तबकड्यांचा गठ्ठा मिळाला. त्या ऐकून त्याचं ठाम मत झालं की माणसाला गाणं रेकॉर्ड करायची अक्कल त्या दहा-बारा वर्षांतच होती. आधी ती यायची होती आणि नंतर गेली.

त्याचा धर्म असा. सगळे एका खोलीत, सगळे एकाच वेळी वाजवणार. टेप सुरू करायची, गाणं घ्यायचं, टेप बंद करायची. चूक झाली तर चूक राहील. मागाहून दुरुस्ती करणारी माणसं त्याच्या लेखी चोर. कॉम्प्युटरवर नीटनेटक्या केलेल्या गाण्याला तो म्हणायचा, "गोधडीले इस्त्री करून राह्यले लेकाचे." आणि सगळ्यात मोठं पाप म्हणजे घुमारा. आवाज कोरडा हवा. भाजलेल्या हरभऱ्यासारखा, दाताखाली आला की कट्ट. घुमवलेला आवाज म्हणजे तोंडाला थापलेली पावडर. गाणं सरल्यावर मागं लोंबकळणाऱ्या सुराला तो शेपूट म्हणायचा. शेवटचा ठोका पडला रे पडला की याचं बोट टेपच्या बटणावर. खट्. "सरलं तं सरलं. शेपूट कायले पाहिजे?"

घुमणाऱ्या खोल्यांचा त्याला राग का, ते आता लक्षात आलं असेल. लग्नाचे हॉल, कॉलेजचे वर्ग, आमची बैठक, सगळ्या भिकार. एकदा मी चिडून विचारलं की मग चांगली खोली जगात आहे तरी कुठं. तो लगेच म्हणाला, "सऱ्या अमरावतीत एकच हाय. आमच्या मयूरीची. कपड्यायचा ढीग, पुस्तकं, पलंग, पडदे. तिथं टाळीच वाजवा लागत नाई."

मयूरी त्याची एकुलती एक मुलगी. ती लहान असताना हा तिला खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात उभी करून 'आ' म्हणायला लावायचा आणि स्वतः मधे बसून ऐकायचा. दुसऱ्या एखाद्या पोरीनं गाण्याचा धसका घेतला असता. ही गायला लागली. गळा अस्सल. बापाशी बापाच्याच भाषेत बोलणारी घरात ती एकटी. हा गिटारवर फार कसरत करायला लागला की ती माइकसमोरून म्हणायची, "बाबा, वाजवा. खाजवू नका."

बँडचं नाव त्यानं ठेवलं 'सरकी'. आमच्याकडं कापसातून निघालेल्या बियांना सरकी म्हणतात आणि तिची ढेप गुरांना घालतात. नाव मातीतलं आहे म्हणून तो खूष होता. बँडच्या पत्रकावर त्यानं स्वतःचा फोन नंबर छापला. त्यानंतर बरेच दिवस त्याला ढेपीचा भाव विचारणारे फोन येत. गाण्यासाठी आलेला एकही मला आठवत नाही. पुढं पुढं तो भाव सांगूनही टाकायचा.

त्याच्या तिरस्काराला मात्र मोठी बाजारपेठ होती. एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्याला पाहुणा म्हणून बोलावलं. पुण्याकडून एक बँड आला होता. पोरं देखणी, कपडे फाटके पण महागाचे. वाजवायला चौघं, आणि मागं टेबलावर एक लॅपटॉप, ज्यातून उरलेली वाद्यं आणि बायकांचे कोरससुद्धा येत होते. टाळ्यांचा कडकडाट झाला. मनूभाऊला सत्कारासाठी व्यासपीठावर बोलावलं. प्राचार्यांनी त्याच्या गळ्यात हार घातला. त्यानं तो काढला, त्या चार पोरांना ओलांडून पुढं गेला आणि लॅपटॉपला घातला. माइकवर एवढंच म्हणाला, "चार जण उभे होते, पाचवा डब्यात होता. डब्यातला बरा वाजवते."

पोरं हसली. प्राचार्य हसले नाहीत. पुढच्या वर्षी पाहुणा बदलला.

आता खरं सांगायचं तर 'सरकी'नंही एकदा अशाच संमेलनात वाजवलं होतं. मनूभाऊनं स्पीकर बारीक ठेवले आणि ड्रमवर टॉवेल टाकले, सत्तरच्या दशकात टाकत म्हणून. तिसऱ्या गाण्याला मागून कुणीतरी ओरडलं की माइक सुरू करा. मला हे ठाऊक आहे, कारण मी स्टेजवर होतो.

हो, मीही बँडमध्ये होतो. खंजिरी वाजवायला. खंजिरी वाजवायला अक्कल लागत नाही असं मनूभाऊचं म्हणणं, म्हणून ती मला दिली. सुनंदा म्हणायची, "माह्या भावाले टाळ्या वाजवाचा रोग हाय, न तुमाले त्याच्यामागं फिरायचा." उरलेले दोघं म्हणजे बेस गिटारवर त्याच्याच कॉलेजचे लायब्ररियन ढोरे सर, ज्यांना मी अनेक वर्षांत एकदाही पूर्ण वाक्य बोलताना ऐकलं नाही, आणि ड्रमवर अकोल्याचे सलीमभाई.

सलीमभाईंचं अकोल्याला गादीचं दुकान. आपण मुंबईत जन्मलो असतो तर कुठल्या कुठं गेलो असतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. बाळापूर रोडला त्यांचं टिनाचं गोदाम होतं. आमच्या वऱ्हाडात कास्तकाराच्या घरी मुलीचं लग्न ठरलं की आंदणाची गादी विकत आणत नाहीत. घरच्या शेतातला कापूस वेचून, त्यातली सरकी काढून, गादीवाल्याकडे देतात. त्या कापसाची गादी त्याच मुलीला. बदलून चालत नाही, दुसरी देऊन भागत नाही. थंडीत असा कापूस आला की सलीमभाईंकडं गाद्या तयार होऊन रचल्या जात आणि लग्नाची तारीख येईतो गोदामात पडून राहत.

एका जानेवारीत मनूभाऊ काही कामानं त्या गोदामात गेला. आत शिरला, टाळी दिली. काहीच परत आलं नाही. टाळी जणू कुणी उशीत दाबली. तो पुन्हा वाजवून बघायला लागला. सलीमभाईंना वाटलं, डास मारतोय. मग तो गाद्यांच्या थप्पीवर बसला आणि मला फोन केला. "जवाईबापू, रूम भेटली."

तीस वर्षं ज्या रेकॉर्डबद्दल नुसतं बोलणं चाललं होतं, ती तिथं करायची ठरली. आठ गाणी. कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेलं स्पूलचं टेप मशीन, दोन माइक, एवढंच. भिंतीला खिळा ठोकायला सलीमभाईंनी साफ नकार दिला, म्हणून छपराखालच्या लोखंडी कैच्यांना सुतळ्या बांधून गाद्या भिंतीभर टांगल्या. रंगीबेरंगी, फुलाफुलांच्या, चौकड्यांच्या. एखाद्या अजस्र बाळंतिणीची खोली दिसत होती.

मग त्यानं खडू घेतला. त्याच्या धर्मात आवाज लहानमोठा करायचं बटण नसतं. ज्याचा आवाज मोठा तो माइकपासून लांब. सलीमभाई पार मागच्या भिंतीला. ढोरे सर मधे. स्वतः डावीकडे. मयूरीची खूण माइकला चिकटून, आणि तिच्या पाठीमागं तिच्याच दोन गाद्या. कारण त्याच हंगामात मयूरीचं लग्न ठरलं होतं, आणि वलगावच्या त्यांच्या शेतातला कापूस मनूभाऊनं स्वतः आणून सलीमभाईंना दिला होता. माझी खूण करायला तो खडू घेऊन माइकपासून मागं मागं जात राहिला. शेवटी दाराबाहेर ओट्यावर, नळाच्या बाजूला, फुली मारली. "खंजिरी लय टोचते," म्हणाला. संपूर्ण रेकॉर्ड मी तिथून वाजवली. दाराच्या फटीतून मला मयूरीची पाठ आणि मनूभाऊचा अर्धा भाग दिसे.

आता इथं त्यानं जी चूक केली ती एखाद्या शाळकरी पोरानं केली नसती. भिंती कशाच्या आहेत हे त्यानं बघितलं. कुणाच्या आहेत, हे बघितलं नाही.

जानेवारी तालमीत गेला. फेब्रुवारीत त्याला ड्रम ओले वाटले. मार्चमध्ये ढोरे सरांची खुर्ची करकरली, म्हणून आठवडाभर खुर्च्या बदलल्या. दर रविवारी आम्ही अमरावतीहून अकोल्याला जायचो, दिवसभर वाजवायचो, संध्याकाळी हा टेप पुसून टाकायचा. "झालं नाई अजून." मयूरी एकदाच म्हणाली, "बाबा, मी मे महिन्यात चालली हाय बरं." त्यानं ऐकलं नाही. म्हणजे कान तिकडं होते, पण ऐकलं नाही. पहिलं गाणं त्याला पसंत पडलं तेव्हा एप्रिल लागला होता, आणि आमच्याकडं एप्रिल लागला की लग्नं लागतात.

पुढच्या रविवारी दुसरं गाणं ऐन रंगात आलेलं असताना ओट्यावर माझ्याशेजारी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. सोबत नवरा. बाईंनी मला वर-खाली बघितलं, खंजिरी बघितली, आणि सरळ आत गेल्या. टेप चालू. बाई भिंतीकडं बघत राहिल्या.

"माह्या पोरीची गादी भिंतीवर काहून चढवली बावा?"

मनूभाऊनं टेप थांबवली आणि त्यांना प्राध्यापकाच्या आवाजात समजावलं. कापूस आवाज कसा शोषतो, लहरी कशा आत शिरतात आणि परत कशा येत नाहीत, सगळं. बाईंनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमचा हा सारा कल्ला हिनं पेला?"

"तसंच समजा."

"मंग यावर माह्या पोरीले झोप लागीन का?"

फिजिक्समध्ये याला उत्तर नव्हतं. सलीमभाई ड्रमवरून उठले, त्या पोरीच्या दोन्ही गाद्या उतरवल्या, अंगणात उन्हात टाकल्या आणि काठीनं बडव बडव बडवल्या. दोन्ही बाजूंनी. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. पुरेसा आवाज झडला अशी खात्री पटल्यावर गाद्या टेम्पोत चढल्या. मी नळावर तोंड धुतलं, कारण मला फार हसू येत होतं.

त्या जागी भिंतीचं टिन उघडं पडलं. मनूभाऊनं टाळी दिली. लांबवरून बारीक उत्तर आलं. त्याचा चेहरा आंबट झाला. सलीमभाईंना म्हणाला की लोकांना थोडं थांबायला सांगा. सलीमभाईंनी काड्या खाली ठेवल्या. "मनूभाऊ, लगन का घर है. मुहूर्त का तुमच्या टेपसाठी थांबते?"

त्यानंतर प्रत्येक रविवारी भिंत थोडी थोडी उघडी होत गेली. आम्ही वाजवायचो, कुणीतरी यायचं, आपल्या मुलीची गादी न्यायला. हा वर टांगायला घोंगड्या शोधत फिरायचा, तोवर आणखी चार गाद्या गेलेल्या असायच्या. तिसऱ्या गाण्यापेक्षा पाचवं मोकळं वाजायचं, पाचव्यापेक्षा सातवं. त्याची मान तिरकी ती सरळ होईना. घरी जाताना एस.टी.त खिडकीपाशी बसून सबंध मूर्तिजापूरपर्यंत तो लग्नसराईला शिव्या द्यायचा. मी एकदा म्हटलं की त्या सराईत तुमच्या घरचंही एक लग्न आहे. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी खंजिरी चुकीच्या ठोक्यावर वाजवली.

होणारा जावई नीलेश, बाळापूरचा, नोकरीला बंगळुरूला. कॉम्प्युटरवर काम करणारा, मऊ बोलणारा मुलगा. त्यानं फोनवर सुचवलं की काळजी करू नका, आठही गाणी मी लॅपटॉपवर एकसारखी करून देतो. मनूभाऊनं फोन ठेवला आणि म्हणाला, "इस्त्रीवाला जवाई भेटला." पोरगी इतक्या लांब चालली याबद्दल तो एक अक्षर बोलायचा नाही. सगळा राग इस्त्रीवर.

आठवं गाणं राहिलं. वेचणी झाल्यावर उघड्या पडलेल्या शेताचं, शब्द मयूरीचेच. लग्न चार दिवसांवर आलेलं. गोदामात आता मयूरीच्या पाठीमागच्या दोनच गाद्या. त्या न्यायला टेम्पो सकाळीच ओट्याशी येऊन लागला; आंदणाचं बाकी सामान चढवलेलं, पलंग, कपाट, भांड्यांचा हारा. गाद्या घेऊन तो बाळापूरला जायचा होता. ड्रायव्हर माझ्याशेजारी विडी ओढत बसला.

पहिल्यांदा गाणं झालं. मला बाहेरूनही कळलं की छान झालं. खट्. "कावळा आला मधात." मी कावळा ऐकला नव्हता. दुसऱ्यांदा झालं. खट्. सलीमभाईंचा पाय लवकर पडला. सलीमभाई भांडायला उठले. तिसऱ्यांदा टेम्पोच्या पत्र्याचा आवाज आला. चौथ्यांदा तो दारात आला आणि मला म्हणाला, "जवाईबापू, तुमी जरा अजून लांब." नळाच्या पुढं जागा नव्हती. मी टेम्पोच्या फळीवर जाऊन बसलो, कपाट आणि पलंगाच्या मधे. तिथून खंजिरी अकोल्यात कुणालाच ऐकू जात नव्हती. तरी पुढच्या खेपेला खंजिरी टोचली.

सुनंदाचे अमरावतीहून फोनावर फोन. घर पाहुण्यांनी भरलंय, बापाचा पत्ता नाही, टेम्पो कुठं अडकलाय. मी काय सांगणार? तुझा भाऊ चूक शोधतोय आणि सापडत नाही म्हणून तयार करतोय?

दुपार कलायला लागली. पुन्हा गाणं झालं, पुन्हा खट्. मी खाली उतरून फटीशी गेलो. मयूरी माइकपासून मागं वळली.

"बाबा, सकाळपासून चांगलंच होऊन राह्यलं."

"नाई झालं."

"काय राह्यलं मंग?"

तो गिटारची खुंटी पिळत होता. तार आधीच सुरात होती. खुंटी न सोडता म्हणाला, "भिंत बराबर नाई."

"मंग भिंतच काढू न."

तिनं सुतळीला हात घातला. सलीमभाई मदतीला उठले आणि काय वाटलं कोण जाणे, परत बसले. तिनं एकटीनं दोन्ही गाद्या सोडल्या, ओढत दारापर्यंत आणल्या. मी आणि ड्रायव्हरनं त्या वर चढवल्या. मयूरी परत आत गेली, खडूच्या खुणेवर उभी राहिली.

"आता आपलं काईच सामान नाई इथं. घ्या."

मनूभाऊचे हात सवयीनं वर आले. खोली बदलली होती, टाळी द्यायलाच हवी होती. हात तसेच खाली गेले. त्यानं टेपचं बटण दाबलं.

त्या गाण्याबद्दल मी काय सांगू, मी खंजिरीवाला. मयूरीचा आवाज पहिल्यांदा वर टिनापर्यंत गेला आणि खाली तिच्याकडंच परत आला, मोठा होऊन. ज्याला हा जन्मभर पावडर म्हणत आला, ते हेच. सलीमभाई आयुष्यात पहिल्यांदा हळू वाजवत होते. मी वाजवायचं विसरलो. रेकॉर्डला त्याचा फायदाच झाला.

शेवटचा सूर लागला. आम्ही सगळे त्या खट्ची वाट बघत राहिलो. खट् झालं नाही. सूर टिनाला लागला, भिंतीभर फिरला, बारीक होत गेला. मग सगळीकडे नुसती शांतता, मग वरच्या कैचीवर पारव्यांची फडफड. बाहेर ड्रायव्हरनं टेम्पो सुरू केला, वळवला, बाळापूरच्या दिशेनं लागला. तेही आत चाललं होतं. मनूभाऊचं बोट बटणावर होतं आणि दाबत नव्हतं. शेवटी स्पूल संपलं आणि टेपचं सुटलेलं टोक फिरत्या चकरीवर फटफट वाजत राहिलं. तेव्हा ढोरे सरांनी उठून मशीन बंद केलं आणि मला आठवतं तेवढं त्यांचं एकमेव पूर्ण वाक्य बोलले. "सर, हे पुसू नका."

पुढं नीलेशनं ती गाणी टेपवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. शेवटच्या गाण्याची ती लांबलचक शेपूट कापू का, असं त्यानं भीत भीत विचारलं. मी समोर होतो. मनूभाऊ म्हणाला, "राहू द्या, जवाईबापू. तेवढं असू द्या." मी कान देऊन ऐकलं. त्या शब्दातलं वाटेत काहीही सांडलेलं नव्हतं. मला मात्र आजवर तो भरलेला मिळालेला नाही.

रेकॉर्ड इंटरनेटवर आली, नातेवाइकांनी नाइलाजानं ऐकली. मुंबईच्या कुणा तरुण जाणकारानं तिच्यावर लिहिलं. बंद, कोरड्या आवाजातून हळूहळू मोकळ्या अवकाशाकडं नेणारी फार विचारपूर्वक केलेली रचना, वगैरे. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मनूभाऊनं मान हलवली. "मूर्ख हाय," म्हणाला, "गाद्या उतरल्या, लेका. लग्नसराई होती."

पण त्याची आठवण निघाली की मला तो दिसतो, तो लग्नानंतरच्या दुपारचा. मयूरीची पाठवणी आदल्या दिवशी झालेली, पाहुणे पांगलेले, अंगणात मांडवाचे बांबू सोडायचं काम चाललेलं. सुनंदानं मला कुठलंसं पातेलं आणायला माडीवर पाठवलं. मयूरीच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंग गेलेला, कपाट गेलेलं. पडदे धुवायला काढलेले, पुस्तकं खोक्यात बांधलेली. मधोमध मनूभाऊ उभा होता, पाठमोरा.

मी पातेलं घेऊन तिथंच थांबलो. त्यानं हात वर केले आणि टाळी दिली.

ज्या खोलीनं कधी कुणाला उत्तर दिलं नव्हतं, तिनं दिलं. लांब, चारी भिंतींनी मिळून. तो मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत राहिला. आवाज विरला तरी ऐकत राहिला. मग त्यानं मला बघितलं.

"भिकार रूम झाली, जवाईबापू," म्हणाला. बाहेर आला आणि दार इतकं हळू ओढून घेतलं की कडीचासुद्धा आवाज झाला नाही.